चौदाशे वर्षांचा चांगदेव आणि तात्या विंचूचा बाहुला

आजचा विषय नावानं जड आहे, म्हणून आधी एक सोपा प्रश्न. मराठी सिनेमात स्वतःचं मन शरीरातून काढून दुसरीकडे अपलोड करणारा सगळ्यात गाजलेला माणूस कोण?

तात्या विंचू. 'झपाटलेला', १९९३. पोलिसांची गोळी लागते, मरण समोर दिसतं, आणि हा गुंड बाबा चमत्कारकडून शिकलेला मृत्युंजय मंत्र म्हणून आपला आत्मा एका बाहुल्यात टाकतो. तो तीन शब्दांचा मंत्र तुम्हाला पाठ असणार, मी म्हणत नाही. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे त्या बाहुल्याची एकच धडपड: या लाकडी खोक्यातून बाहेर पडून लक्ष्याच्या जिवंत शरीरात शिरायचं. महेश कोठारेंनी कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या अमेरिकन सिनेमावरून घेतली होती. पण रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकर, यांनी त्याला असा काही मराठी करून टाकला, की आमच्या पिढीतली अर्धी पोरं रात्री पलंगाखाली बघून झोपायची.

आता हाच प्रसंग जरा बाजूनं बघा. मरणाऱ्या माणसानं आपलं मन एका टिकाऊ वस्तूत साठवलं आणि नव्या शरीराची वाट बघितली. आज जगातले काही श्रीमंत लोक हेच स्वप्न गंभीरपणे बघतायत, त्यावर पैसा लावतायत. माणसाचं शरीर आणि बुद्धी तंत्रज्ञानानं वाढवायची, म्हातारपण रोखायचं, जमलं तर मरणही टाळायचं, या विचाराला ट्रान्सह्युमॅनिझम म्हणतात. आणि आपल्याकडे त्याचा सगळ्यात लोकप्रिय चेहरा आहे तात्या विंचूचा.

एकटा तात्याच नाही. २०१० च्या 'रोबोट'मधला चिट्टी घ्या. माणसाच्या भावना आल्या, प्रेमात पडला, आणि शेवटी स्वतःच्या शेकडो प्रती घेऊन शहर जाळायला निघाला. २०१३ चा 'क्रिश ३' घ्या. त्यातला काल व्हीलचेअरवर बसलेला, शरीर जवळजवळ निकामी, डोकं मात्र अफाट. तो माणूस आणि जनावर यांच्या संकरातून 'मानवर' बनवतो. परदेशात १९७७ पासून डार्थ व्हेडर आहेच, अर्धा माणूस, अर्धं मशीन, आणि जितकं मशीन जास्त तितका माणूस कमी. साचा ठरलेला: शरीरात यंत्र शिरलं की मन गेलं. जास्त जगायचं म्हटलं की आधी कोणाचा तरी जीव घ्यायचा. आणि शेवट एकच, त्याला मोडून टाका, मग सूर्योदय होतो.

यावर नेहमीचं उत्तर असं, की हे सगळं पाश्चात्त्य लोकांकडून आलं. १८१८ ला मेरी शेलीनं 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिली, १९२० ला कारेल चापेकनं आपल्या नाटकात 'रोबोट' हा शब्द दिला, आणि आपण ते हिंदी-मराठीत उतरवून घेतलं. उत्तर अर्धं बरोबर आहे. पण मी अंबरनाथला राहतो. आमच्याकडचं शंकराचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. आणि याच शंकरानं पोराचं डोकं उडवून तिथे हत्तीचं डोकं बसवलं. त्या पोराला आपण राक्षस म्हटलं नाही. दरवर्षी दहा दिवस घरी आणतो, मोदक खाऊ घालतो. अर्धा सिंह असलेला नरसिंह आपल्याला चालतो. सप्तचिरंजीवांमध्ये हनुमान आहे, बिभीषण आहे, बळीराजा आहे. ज्या संस्कृतीत मोठी माणसं लहानांना 'औक्षवंत हो' म्हणतात आणि पत्रात धाकट्याच्या नावाआधी 'चिरंजीव' लिहितात, तिला जास्त जगण्याची भीती वाटते असं कसं म्हणणार?

तरी भस्मासुरही आपलाच. वर्तमानपत्रात यंत्रावर, मोबाईलवर, एआयवर काहीही लिहून आलं की मथळ्यात 'भस्मासुर' हमखास. हिरण्यकशिपू आपलाच. त्यानं वर मागताना किती अटी घातल्या होत्या आठवतंय? दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, जनावराकडून नको. कुठलंही ॲप टाकताना आपण न वाचता दाबतो ना, तशा टर्म्स अँड कंडिशन्स. फक्त यानं स्वतः लिहिल्या होत्या, आणि तरी पळवाट राहिलीच.

मग गणपती देव आणि भस्मासुर राक्षस, हे ठरलं कशावरून? पहिला अंदाज असा, की गणपतीनं काही मागितलं नव्हतं, भस्मासुरानं मागितलं. मागणं हाच दोष. पण हे टिकत नाही, कारण सावित्रीनंही मागितलं. यमाच्या मागे चालत जाऊन, त्याला शब्दात अडकवून नवऱ्याचं आयुष्य परत आणलं. तिची तर वटपौर्णिमेला पूजा होते. बदलापूरच्या सोसायट्यांमध्ये वडाची फांदी कुंडीत लावून होते, पण होते. म्हणजे आयुष्य मागणं वाईट नाही. प्रश्न वेगळा असावा: कोणासाठी मागितलं, आणि कोणाच्या वाट्यातून आलं?

याचं सगळ्यात कडक उदाहरण ययाती. शापानं अकाली म्हातारा झाला, आणि त्यानं आपलं म्हातारपण पोरांना देऊ केलं. तुमचं तारुण्य मला द्या. बाकीच्यांनी नकार दिला, पुरूनं दिलं. वि. स. खांडेकरांनी यावर १९५९ साली कादंबरी लिहिली, आणि १९७४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, मराठीतलं पहिलं. आपण ती बहुतेक वासनेची गोष्ट म्हणून वाचतो. पण मला ती आता भलतीच ताजी वाटते, कारण म्हाताऱ्या उंदराला तरुण उंदराचं रक्त दिलं तर काय होतं, याचे प्रयोग खरोखर झालेत, आणि अमेरिकेत तरुणांचा प्लाझ्मा विकणारे दवाखानेही निघाले होते. २०१९ साली तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला, की याचा काही उपयोग सिद्ध झालेला नाही. ययातीला निदान स्वतःचा मुलगा होता. इथे तरुण माणूस कोण असेल, ज्याला पैशांची गरज आहे तोच ना?

पण मला खरं बोलायचंय ते चांगदेवाबद्दल. आयुष्य वाढवणाऱ्या माणसाची इतकी विचार करून रचलेली गोष्ट मला दुसरीकडे सापडली नाही, आणि ती आपण शाळेत 'भिंत चालली' एवढ्या एका ओळीत संपवतो.

आख्यायिकेतला चांगदेव योगबळावर चौदाशे वर्षं जगलेला आहे. काळ न्यायला आला की तो समाधी लावून बसायचा, आणि काळ हात हलवत परत जायचा. शिष्यांचा गोतावळा, सिद्धी, दरारा, सगळं होतं. तापीच्या काठी जळगाव जिल्ह्यात चांगदेव नावाचं गाव आहे, पुणतांब्याला गोदावरीकाठी त्याची समाधी दाखवतात. तर या माणसाच्या कानावर आलं, की आळंदीला कोणी ज्ञानेश्वर म्हणून पोरगा आहे, फार मोठा ज्ञानी. चांगदेवानं पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच शब्दाला अडला. 'चिरंजीव' लिहावं, तर हा ज्ञानानं मोठा. 'तीर्थरूप' लिहावं, तर वयानं चौदाशे वर्षांनी लहान. आपण नाही का, नव्या साहेबाला मेसेज करताना 'हाय' लिहू की 'नमस्कार सर' म्हणून दहा मिनिटं घालवतो? चांगदेवानं शेवटी कोराच कागद पाठवला.

तो कागद मुक्ताबाईनं पाहिला. परंपरेप्रमाणे तिचा जन्म १२७९ चा, म्हणजे अजून पोरसवदाच. ती म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला! ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या पत्राला उत्तर दिलं, पासष्ट ओव्यांचं. तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढचं तुम्हाला माहीत आहे: वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव भेटायला निघतो, आणि भावंडं बसलेली भिंत समोर चालत येते. चांगदेव वाघावरून उतरतो आणि मुक्ताबाईला गुरू करतो.

यात काय काय नाहीये ते बघा. चांगदेवाला कोणी ठार मारत नाही. त्याचं दीर्घायुष्य पाप होतं असं कोणी म्हणत नाही. त्यानं निसर्गाशी खेळ केला म्हणून वीज कोसळत नाही. त्याला फक्त विचारलं जातं, की इतक्या वेळात केलंस काय? आणि हे विचारणारी आहे एक मुलगी, जिला समाजानं संन्याशाची पोरं म्हणून भावंडांसकट वाळीत टाकलेलं आहे. म्हणजे ज्याच्याकडे वेळच वेळ आहे त्याला, जिला साधी माणसांत जागा नाही ती प्रश्न विचारते. आणि तो शिकतो. शिकायची मुभा त्याला आहे. चिट्टीला ती मिळाली नाही, त्याला स्वतःचेच हातपाय सुटे करून म्युझियममध्ये उभं राहावं लागलं. तात्याच्या तर दोन भुवयांच्या मध्ये गोळी.

मग चांगदेवापासून तात्या विंचूपर्यंत येताना हा प्रश्न हरवला कुठे? माझ्या मते विसाव्या शतकात. आणि तिथे घाबरण्याला कारण होतं, हे मान्य केलं पाहिजे.

ज्युलियन आणि ऑल्डस हक्सले हे दोन सख्खे भाऊ. ऑल्डसनं १९३२ साली 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लिहिली. त्यात माणसं बाटलीत वाढवतात, जन्माआधीच उच्च-नीच ठरवून. आणि ज्युलियननं १९५७ साली 'ट्रान्सह्युमॅनिझम' नावाचाच लेख लिहून हा शब्द आजच्या अर्थानं रूढ केला. एकाच घरातून स्वप्नही आलं आणि दुःस्वप्नही. ज्युलियन हा युनेस्कोचा पहिला महासंचालक, मोठा जीवशास्त्रज्ञ. आणि तोच पुढे ब्रिटनच्या युजेनिक्स सोसायटीचा अध्यक्षही. युजेनिक्स म्हणजे 'चांगल्या' माणसांची पैदास वाढवायची, 'वाईट' माणसांची थांबवायची. मराठीत त्याला गोंडस नाव होतं, सुप्रजाजनन.

हो, मराठीतही होतं. ना. सी. फडके हे नाव ऐकलंय? आजीच्या कपाटात त्यांच्या प्रेमकथा असतील. याच फडक्यांनी १९२७ साली इंग्रजीत 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हे पुस्तक काढलं, भारतात सुप्रजाजननाची चळवळ हवी असं मांडणारं, आणि त्याला प्रस्तावना होती संततिनियमनवाल्या मार्गारेट सँगर यांची. त्याच १९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि खटले अंगावर घेत १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. संततिनियमनाची साधनं दोघांच्याही तोंडी. पण एकाला चिंता समाजाच्या 'प्रतीची', आणि दुसऱ्याचा भर बाईला तिच्या शरीरावर हक्क असण्यावर. साधन तेच, हात बदलला की अर्थ बदलतो.

आणि १९७६ मध्ये काय झालं? आणीबाणी होती. महाराष्ट्र विधिमंडळानं तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. असं करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढंच. तेव्हा 'माणूस सुधारायचाय' असं कोणी म्हटलं की ज्यांच्या अंगाला सरकारी हात लागले होते ते लोक दचकले, तर त्यांना अडाणी म्हणायचं नाही.

यानंतर मराठी विज्ञानकथेकडे बघा. जयंत नारळीकर, आपले खगोलशास्त्रज्ञ, २०२५ च्या मे महिन्यात गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या खोट्या नावानं कथा पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. विज्ञानावर इतकं प्रेम असलेल्या या माणसाच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत मात्र रोबोट पुन्हा धोकादायकच आहे. जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या माहितीवरून शास्त्रज्ञ त्याला बनवतात, आणि त्याला हवं असतं एकच: स्वतःसारखे आणखी बनवता यावेत. त्याच वाटेनं ती जुनी संस्कृती संपलेली असते.

पण नाव काय निवडलंय बघा. राक्षसाचं नाव नाही, वामन! तीन पावलं जमीन मागणारा बटू, जो देता देता सगळंच व्यापून टाकतो. आणि महाराष्ट्रात गंमत अशी, की त्या गोष्टीत आपलं मन वामनाकडे नसतंच. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारे आपण बळीच्या बाजूचे. म्हणजे नारळीकर बहुतेक हे सांगत असावेत, की बघा, धोका दात विचकून येत नाही. तो लहानसा, नम्र, उपयोगी होऊन दारात येतो आणि थोडीशीच जागा मागतो. तुमच्या खिशातला फोन आठवला ना? मलाही आठवला.

खरा धोका कसा दिसतो याचं उत्तर महाराष्ट्रात घडून गेलंय. पुढच्या पिढीतली माणसं आपल्या पसंतीनं निवडायचं तंत्रज्ञान इथे आलं, आणि ते कुठल्या वेड्या शास्त्रज्ञाच्या गुहेत आलं नाही. पाटी लावलेल्या स्वच्छ दवाखान्यात आलं, आधी गर्भजल तपासणीच्या आणि मग सोनोग्राफीच्या रूपानं. आता थोडे पैसे खर्च करा, पुढे हुंड्याचे वाचतील, अशा आशयाच्या जाहिराती ऐंशीच्या दशकात उघड होत. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी १९८५ पासून त्याविरुद्ध रान उठवलं. १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानावर कायदा केला, देशात सगळ्यात आधी. देशाचा कायदा यायला १९९४ उजाडलं. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, तर १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. नारळीकरांची 'पुत्रवती भव' ही कथा याच प्रश्नावर आहे. पण तिच्यावर कोणी सिनेमा काढला नाही. कारण यात खलनायक कोणाला करणार? डॉक्टर सुशिक्षित, घरचे लोक पापभीरू, मशीन बिचारं मुकं. कोणाच्याही डोळ्यांतून लाल लेझर निघत नाही.

माझी तक्रार इथे आहे. साचा आपल्याला भलत्याच माणसाला घाबरायला शिकवतो. 'क्रिश ३' पुन्हा आठवा. त्यात काल विषाणू पसरवतो आणि त्यावरचा उतारा त्याचीच कंपनी विकते. केवढा मोठा मुद्दा होता हातात! पण डोळ्यांसमोर राहते ती व्हीलचेअर. 'महाभारत' मालिकेतल्या शकुनीचं कारस्थान किती जणांना नीट सांगता येईल? लंगडणं मात्र सगळ्यांना करून दाखवता येतं.

आणि याची किंमत कोण भरतं ते मी घरात बघितलंय. माझा मावसभाऊ उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो. लहानपणी त्याला कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. कानामागे एक प्रोसेसर असतो, त्याचा माइक आवाज पकडतो. डोक्याला चिकटलेली गोल चकती चुंबकानं जागेवर राहते आणि कातडीच्या आतल्या भागाला संदेश पाठवते. तिथून बारीक इलेक्ट्रोडची तार थेट कानाच्या शंखात, नसेपर्यंत. म्हणजे व्याख्येप्रमाणे आमच्या घरात एक खराखुरा सायबोर्ग आहे, आणि त्याला वडापावबरोबर तळलेली मिरची लागते. शाळेत त्याचं नाव पडलं 'चिट्टी'. पोरं मागून येऊन ती चकती ओढायची, बंद पडतो का बघायला. दोन वर्षं तो शाळेत प्रोसेसर काढून दप्तरात ठेवायचा. ऐकू येण्यापेक्षा न ऐकणं बरं, असं एका नऊ वर्षांच्या मुलानं ठरवलं. मावशीला कळलं तेव्हा ती रडली नाही. सरळ वर्गात जाऊन बसली आणि पोरांना तो प्रोसेसर हातात घेऊन बघायला दिला. एकेकाला. नंतर ओढणं थांबलं. नाव मात्र राहिलं, आणि आता तो स्वतःच ते इन्स्टावर लावतो.

आपल्या या पट्ट्यात शरीराला जोड देणं ही काही परदेशी कल्पना नाही. घोडे बदलायची जागा म्हणून बदलापूर, असं जुने लोक सांगतात. थकलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा, पुढे निघायचं. स्वतःच्या पायांवर का नाही गेलात, असं कोणी विचारलं नसेल. उल्हासनगर ज्या बराकींमध्ये वसलं ती दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, आणि त्याच युद्धानं १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं केलं, जखमी सैनिकांसाठी. तिकडे राजस्थानात १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी जयपूर फूट घडवला. परदेशी पाय बूट घालून चालण्यासाठी बनवलेला होता. आपल्या माणसाला अनवाणी चालायचं असतं, मांडी घालायची असते, चिखलात उतरायचं असतं. म्हणून रबराचा, स्वस्त, सगळ्या बाजूंनी वाकणारा पाय. त्याच पायावर सुधा चंद्रन नाचली, आणि १९८५ ला 'मयूरी', १९८६ ला 'नाचे मयूरी' हे सिनेमे आले. शरीरात यंत्र असलेली नायिका आपल्याकडे झाली ती अशी. पण तिथेही साचा बदलला तो एवढाच, की राक्षसाच्या जागी 'जिद्दीची मूर्ती' आली. साधा माणूस होता येत नाहीच. आणि लोकलला दिव्यांगांचा वेगळा डबा असतो, त्यात सकाळी धडधाकट माणसं कशी घुसतात हे अंबरनाथ-बदलापूरवाल्यांना मी काय सांगू? तिथे मात्र जिद्दीच्या मूर्तीला कोणी जागा देत नाही.

तर मग घाबरायचंच असेल तर कशाला? एक खरी हकीकत सांगतो. अमेरिकेतल्या सेकंड साइट नावाच्या कंपनीनं 'आर्गस टू' हा डोळ्याचा इम्प्लांट बनवला होता. चष्म्यावर कॅमेरा, डोळ्यात पडद्यावर इलेक्ट्रोड. पूर्ण अंध माणसांना उजेड, दाराची चौकट, समोरच्याची हालचाल कळू लागली. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी तो बसवून घेतला. २०२० मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि या यंत्राची देखभाल थांबली. २०२२ साली पत्रकारांनी हे प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा लोक आपल्याच डोळ्यांचे सुटे भाग शोधत एकमेकांना फोन करत होते. बिघडलं तर पुन्हा अंधार. आणि निकामी यंत्र डोळ्यातच, काढायचं तर वेगळी शस्त्रक्रिया. यात कोणी बंड केलं नाही, मशीननं माणसाचा ताबा घेतला नाही. कंपनीनं सपोर्ट बंद केला, तुमच्या चार वर्षं जुन्या फोनला करते तसा.

चांगदेवाच्या गोष्टीतली मुक्ताबाई इथे असती तर तिनं कंपनीला कोरा कागद पाठवला नसता, चांगले खडे सवाल विचारले असते. या यंत्राचा मालक कोण? दुरुस्ती कोण करणार, किती वर्षं? पैसे संपले तर काय? माझी मावशी हेच विचारते, दर वेळी प्रोसेसरची वॉरंटी संपत आली की. नवा घ्यायचा तर काही लाखांचा खर्च, जुन्याच्या वायरी मिळायला उशीर, आणि पावसाळ्यात ओल शिरली की डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून रात्रभर ठेवायचा. उल्हासनगरात सगळ्याचं डुप्लिकेट मिळतं, 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. मावशीनं एकदा खरंच बाजारात जाऊन विचारलं, या वायरीचं डुप्लिकेट बनेल का? दुकानदारानं वायर उलटसुलट करून बघितली, म्हणाला, ताई, फोनची असती तर अर्ध्या तासात दिली असती, डोक्यातल्या वस्तूला मी हात लावत नाही. मग चहा मागवला तिच्यासाठी.

ऐकणाऱ्यांमध्ये कोणाच्या घरी पेसमेकर, इम्प्लांट, कृत्रिम पाय असेल आणि त्याच्या दुरुस्तीचा, सुट्या भागांचा अनुभव सांगायचा असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, आणि शक्यतो लोकलमधून नको, मागून 'पुढील स्टेशन विठ्ठलवाडी' ऐकू येतं. पुढचा भाग अश्वत्थाम्यावर, नर्मदेकाठी जखमेसाठी तेल मागत फिरणारा. त्याला चिरंजीव म्हणायचं की पेशंट, ते तेव्हा बघू.